हिरवा दिवा किती जुना आहे?

पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी फोन वाजला. अलर्टचा नाही, माणसाचा. सपोर्टमधला मित्र रात्रपाळीला होता, म्हणाला, "अगं, ऑर्डरी पुढे सरकतच नाहीयेत, दोन तास तरी झाले असतील, तुझ्याकडे काही दिसतंय का?" मी उठून लॅपटॉप उघडला, डॅशबोर्ड लावला, तर सगळं हिरवंगार. ३८ सर्व्हिसेस, ३८ हिरवे ठिपके. मी त्याला सांगितलं, "माझ्याकडे तर सगळं ठीक दिसतंय रे." हे वाक्य मला अजून टोचतं. तो समोरचं बघून बोलत होता आणि मी एका स्क्रीनवर विसंबून बोलत होते, आणि ती स्क्रीन अडीच तासांपूर्वीची गोष्ट सांगत होती.

ऑर्डरींच्या क्यूमधून (रांगेतून) काम उचलणारी सर्व्हिस साडेबाराच्या सुमारास पडली होती. आमचा हेल्थ मॉनिटर दर १५ सेकंदांनी प्रत्येक सर्व्हिसला विचारतो, "आहेस का?" आणि उत्तर लिहून ठेवतो. मग ही पडली तेव्हा त्याने ते लिहिलं का नाही? मॉनिटरची प्रोसेस चालू होती, मेमरी ठीक, सीपीयू जवळजवळ शून्य. हा शून्यच खरा पुरावा होता, कारण ३८ सर्व्हिसेसना दर १५ सेकंदांनी विचारणारी प्रोसेस इतकी शांत असूच शकत नाही. पण त्या वेळी ते डोक्यात आलं नाही, आधी क्यूवाली सर्व्हिस हाताने रिस्टार्ट केली, ऑर्डरी वाहायला लागल्या, आणि मग उजाडेपर्यंत लॉग वाचत बसले.

काय झालं होतं ते नीट सांगते, कारण हे बऱ्याच जणांच्या कोडमध्ये आत्ता, या क्षणी असेल असं मला मनापासून वाटतं.

मॉनिटर पायथनमध्ये लिहिलेला, १० थ्रेडचा पूल (म्हणजे एका वेळी दहा चेक करू शकणारे दहा कामगार), एचटीटीपी कॉलसाठी सगळे वापरतात ती रिक्वेस्ट्स लायब्ररी, आणि कॉलला टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) दिलेला ५ सेकंद. म्हणजे टाइमआउट विसरलेला नव्हता! (ही लायब्ररी स्वतःहून कुठलाच टाइमआउट लावत नाही, तुम्ही दिला नाहीत तर ती कितीही वेळ थांबते, हे आम्हाला माहीत होतं.) माहीत नव्हतं ते हे, की त्या ५ सेकंदांचा अर्थ "सगळा कॉल ५ सेकंदांत संपव" असा नाहीये. त्याचा अर्थ असा की कनेक्शन जोडायला ५ सेकंद, आणि मग दोन वाचनांच्या मध्ये जास्तीत जास्त ५ सेकंद शांतता. एक बाइट आला की घड्याळ पुन्हा शून्यावर.

आमच्यातली एक सर्व्हिस, रिपोर्ट बनवणारी, आत एका लॉकवर (दुसऱ्याच्या ताब्यातली गोष्ट सुटायची वाट बघत) अडकली होती. तिच्यासमोरचा मधला थर कनेक्शन तुटू नये म्हणून दर ४ सेकंदांनी एक रिकामी ओळ पाठवत होता. ४ सेकंद, ५ पेक्षा कमी. म्हणजे मॉनिटरचा तो थ्रेड कधीच सुटणार नव्हता, दर ४ सेकंदांनी त्याला वाटायचं की उत्तर येतंय. १५ सेकंदांनी पुढची फेरी, आणखी एक थ्रेड त्याच सर्व्हिसवर अडकला. १० थ्रेड, फेरीला एक, म्हणजे अडीच मिनिटांत पूर्ण पूल संपला. त्यानंतर मुख्य लूप दर १५ सेकंदांनी इमानदारीत ३८ कामं पूलच्या रांगेत टाकत राहिला, पायथनच्या त्या पूलच्या रांगेला मर्यादा नसते त्यामुळे ती कुठेही तक्रार न करता वाढत राहिली, आणि उचलायला कोणी नव्हतं. क्यूवाली सर्व्हिस त्यानंतर काही मिनिटांनी वेगळ्याच कारणाने पडली. तिला विचारलंच गेलं नाही.

आणि स्टेट? स्टेट म्हणजे एक डिक्शनरी, सर्व्हिसचं नाव आणि पुढे खरं किंवा खोटं. शेवटचं लिहिलेलं "खरं" होतं, ते तसंच राहिलं. डॅशबोर्डने ते वाचलं आणि हिरवा ठिपका काढला.

दोन चुका आहेत बघा इथे, आणि त्या एकमेकींना झाकतात. टाइमआउट चुकला म्हणून चेक थांबले, आणि स्टेटला स्वतःचं वय माहीत नव्हतं म्हणून चेक थांबल्याचं कोणाला कळलं नाही. नुसता टाइमआउट दुरुस्त केला असता तर दुसऱ्या एखाद्या कारणाने हेच पुन्हा झालं असतं.

आणि आम्ही आधी नेमकं तेच केलं.

दुसऱ्या दिवशी घाईत केलेली दुरुस्ती अशी: पूलमधून उत्तर घेताना वरून ८ सेकंदांचा टाइमआउट लावायचा, ८ सेकंदांत उत्तर नाही आलं तर सर्व्हिस "खोटं". रिव्ह्यूमध्ये सगळ्यांना पटलं, मलाही. चार दिवसांनी रिपोर्टवाली सर्व्हिस पुन्हा अडकली आणि या वेळी काही मिनिटांत ३८ च्या ३८ लाल. ३८ अलर्ट. ऑन-कॉलवर असलेल्या टीममेटने आधी अख्खं नेटवर्क गेलं असं समजून नेटवर्कच्या टीमला उठवलं.

कारण असं की फ्यूचरवर (पूलला काम दिलं की हातात मिळणारी, उत्तराची पावती) टाइमआउट लावला की फक्त वाट बघणारा सुटतो. आत चाललेला थ्रेड चालूच राहतो. रद्द करायला जा, तर सुरू झालेलं काम रद्द होतच नाही, ती सोय फक्त रांगेत उभ्या असलेल्या कामासाठी आहे. म्हणजे पूल पूर्वीसारखाच भरला, बाकीच्या ३७ सर्व्हिसेसचे चेक रांगेत उभे राहिले, त्यांचे ८ सेकंद रांगेतच संपले, आणि आमच्या कोडने लिहिलं की "सर्व्हिस बंद". त्यांच्यापर्यंत नेटवर्कचं एक पाकीटही गेलं नव्हतं! आधी सगळं हिरवं होतं ते खोटं होतं, आता सगळं लाल झालं तेही खोटंच, आणि दोन्ही वेळा मॉनिटर स्वतःचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर लिहीत होता.

इथे मी थांबले आणि टीमला म्हटलं की आता पॅच नको, आधी आपण काय लिहून ठेवतोय ते ठरवू. टाइमआउट झाला म्हणजे नक्की काय कळलं? एवढंच कळलं की मी इतका वेळ थांबले आणि मला उत्तर मिळालं नाही. समोरचा मेलाय, की हळू चाललाय, की मधली वाट बंद आहे, की मीच रांगेत अडकलेय, यातलं काहीही असू शकतं. ही काही आमची अडचण नाही, हा या विषयाचा मूळ पेच आहे. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की निरोप पोचायला किती वेळ लागेल याला काही बंधन नसेल तर एकही प्रोसेस बंद पडायची शक्यता धरली तरी सगळ्यांचं एकमत नक्की होईलच अशी खात्री देता येत नाही, आणि त्याच्या मुळाशी हेच आहे, की मेलेला आणि हळू चाललेला हे लांबून वेगळे ओळखता येत नाहीत. मग १९९६ मध्ये चंद्रा आणि तूग यांनी बिघाड ओळखणाऱ्या यंत्रणेबद्दल जो पेपर लिहिला त्यात ती यंत्रणा "संशय घेते" अशीच भाषा आहे, आणि तो संशय चुकीचा निघू शकतो, नंतर मागेही घेता येतो. मला हा शब्द फार आवडला. आमच्या डिक्शनरीत संशयाला जागाच नव्हती, खरं किंवा खोटं.

तर आता स्टेट चार आहेत: ठीक, संशयित, बंद, आणि माहीत नाही.

"माहीत नाही" वर सगळ्यात जास्त वाद झाला. एकाचं म्हणणं, माहीत नाही म्हणजे बंदच समजा, सुरक्षित राहील. पण सुरक्षित कसं? ३८ अलर्ट आले त्या रात्री तेच तर झालं होतं. बंद म्हटलं की माणूस सर्व्हिसकडे धावतो, माहीत नाही म्हटलं की मॉनिटरकडे धावतो, वेगवेगळ्या दिशा आहेत. नागिओससारख्या जुन्या मॉनिटरिंग टूलमध्येही ओके, वॉर्निंग, क्रिटिकल यांच्या जोडीला अननोन ही चौथी अवस्था आहे, प्लगिनने (तपासणी करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) ३ हा एक्झिट कोड दिला की ती लागते, आणि कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या हेल्थ चेकमध्येही सुरुवातीला कंटेनर "स्टार्टिंग" असतो, सरळ हेल्दी नसतो. आमच्याकडे मॉनिटर रिस्टार्ट झाला की सगळ्यांची सुरुवात "खरं" पासून व्हायची, कोणीतरी कधीतरी तसं लिहिलं होतं, म्हणजे मॉनिटर पडून उठला की पहिली फेरी होईपर्यंत सगळं हिरवं, कोणालाही न विचारता. आता सुरुवात माहीत नाही पासून.

पण "माहीत नाही" ही स्टेट लिहिणार कोण? आम्ही पहिल्यांदा मॉनिटरच्या लूपमध्येच एक साफसफाईचं फंक्शन टाकलं, की ज्या सर्व्हिसचं उत्तर ४५ सेकंदांपेक्षा जुनं असेल तिला माहीत नाही करून टाक. माझ्या टीममेटने रिव्ह्यूमध्ये एकच प्रश्न लिहिला, "आणि लूपच अडकला तर?" बरोबर होतं तिचं. जो मेलाय त्यालाच स्वतःच्या मरणाची नोंद करायला सांगत होतो आम्ही. म्हणून मग स्टेटमध्ये फक्त नोंदी ठेवल्या: शेवटचा चेक कधी सुरू झाला, कधी संपला, काय निघालं, शेवटचं यश कधी, सलग किती अपयशं, सलग किती यशं, आणि कारण. रंग कुठेच साठवत नाही. वाचणारा, म्हणजे डॅशबोर्ड असो की अलर्टवाला भाग, तो त्या क्षणी वय मोजतो, ४५ सेकंदांच्या वर गेलं की त्याच्यासाठी ते राखाडी. मॉनिटरचा जीव गेला तरी राखाडी होणार, कारण त्यासाठी मॉनिटरने काही करायचंच नाहीये. माझ्या मते या सगळ्या कामातला हा एकच बदल केला असता तरी ती पहिली रात्र अडीच तासांची न होता मिनिटभराची झाली असती.

(प्रोमिथियस या मॉनिटरिंग टूलमध्ये हा विचार आधीपासून आहे. तिथे एखाद्या मालिकेचा (एकाच गोष्टीच्या वेळोवेळी घेतलेल्या आकड्यांचा) नवा आकडा ५ मिनिटं आला नाही तर ती क्वेरीत दिसेनाशी होते, आणि २०१७ मधल्या २.० पासून टार्गेट गेलं की त्यावर शिळं झाल्याची खूण लगेच पडते. फक्त लक्षात ठेवा, दिसेनाशी झालेली मालिका अलर्टच्या अटीतही बसत नाही, म्हणजे अलर्ट पेटायच्या ऐवजी विझतो. नसलेल्याची वेगळी तपासणी लिहावी लागते.)

आता टाइमआउट. पूर्ण कॉलला एक डेडलाइन, ५ सेकंद, आणि ती चेक खरंच सुरू झाल्यापासून मोजायची, रांगेत टाकल्यापासून नाही. उत्तर तुकड्यातुकड्यात वाचायचं आणि प्रत्येक तुकड्याआधी किती वेळ उरलाय ते बघून तेवढाच सॉकेटला द्यायचा. दर ४ सेकंदांनी रिकामी ओळ येत असली तरी दुसऱ्या ओळीपर्यंत फक्त १ सेकंद उरलेला असतो, संपला की संपला. एका सर्व्हिसचा आधीचा चेक अजून चालू असेल तर नवा सुरू करायचा नाही, म्हणजे एक बिघडलेली सर्व्हिस एकच थ्रेड खाईल, दहा नाही. आणि रांगेतच २ सेकंदांच्या वर गेले तर तो चेक सर्व्हिसच्या खात्यात टाकायचा नाही, मॉनिटरच्या स्वतःच्या खात्यात टाकायचा.

एवढं करूनही एक चेक १९ सेकंद लागलेला लॉगमध्ये दिसला. डीएनएस! नाव शोधायचा कॉल सॉकेटच्या टाइमआउटमध्ये येतच नाही, तो सिस्टिमच्या रिझॉल्व्हरच्या हिशेबाने चालतो, लिनक्सवर साधारण प्रत्येक नेमसर्व्हरला ५ सेकंद आणि २ प्रयत्न, दोन नेमसर्व्हर असले आणि दोन्ही गप्प असले की २० सेकंदांच्या आसपास गेले. नाव शोधणं आम्ही चेकपासून वेगळं काढलं, ते स्वतःच्या गतीने चालतं आणि अपयशाचं कारण म्हणून वेगळं लिहिलं जातं.

यातून एक फार चिवट बग सापडला. डेडलाइन संपली म्हणून आपण चेक सोडून दिला, "उत्तर नाही" असं लिहिलं, पण आतला थ्रेड काही कारणाने जिवंत राहिला आणि उशिरा उत्तर घेऊन आला तर? आमच्याकडे डिप्लॉयच्या वेळी हे घडलं. ४१ नंबरचा चेक जुन्या मशीनच्या पत्त्यावर गेला, ते मशीन बंद व्हायच्या तयारीत, हळू. ५ सेकंदांनी आम्ही त्याचा नाद सोडला. १५ व्या सेकंदाला ४२ नंबरचा चेक नव्या मशीनवर गेला, तिथे कनेक्शन रिफ्यूज्ड, कारण नवी आवृत्ती उठलीच नव्हती. हे अपयश बरोबर नोंदलं गेलं. आणि २१ व्या सेकंदाला ४१ नंबरचा थ्रेड परतला, हातात २०० ओके (सगळं ठीक असल्याचं उत्तर), आणि त्याने ते ४२ च्या वर लिहून टाकलं. सलग अपयशांचा आकडा शून्य. प्रत्येक फेरीत असं एखादं उशिराचं उत्तर आलं की तो आकडा ३ पर्यंत (सलग ३ अपयशं म्हणजे बंद) पोचणारच नाही, आणि पोचला नाही सुद्धा, चार मिनिटं. उत्तर खरं होतं, पण जुन्या मशीनचं होतं, आणि जुन्या प्रश्नाचं होतं.

उपाय अगदी साधा आहे, प्रत्येक चेकला चढता क्रमांक द्यायचा आणि स्टेटमध्ये शेवटचा लागू झालेला क्रमांक ठेवायचा. त्याहून लहान किंवा तेवढाच क्रमांक घेऊन कोणी आला तर लॉगमध्ये एक ओळ लिहायची आणि उत्तर टाकून द्यायचं. सोडून दिलेल्या चेकचा क्रमांकही "लागू झाला" असाच धरायचा, नाहीतर ४२ अजून सुरू व्हायच्या आत आलेला ४१ पुन्हा घुसतो, हे आमच्याकडून पहिल्या प्रयत्नात सुटलं होतं. २००२ सालच्या स्विम नावाच्या प्रोटोकॉलमध्ये असाच क्रमांक असतो, प्रत्येक सदस्य स्वतःचा अवतार क्रमांक बाळगतो आणि आपल्यावर संशय घेतलाय असं कळलं की तो वाढवून "मी जिवंत आहे" असं सांगतो, मग जुना संशय आपोआप बाद. तिथेही मधली अवस्था संशयिताचीच आहे.

घड्याळाबद्दल थोडक्यात. वय मोजायला आम्ही भिंतीवरच्या घड्याळाची वेळ वापरत होतो, म्हणजे तारीख-वेळ देणारी. व्हर्च्युअल मशीन थांबवून पुन्हा चालू केलं आणि वेळ दुरुस्त करणाऱ्या सेवेने घड्याळ एकदम पुढे सरकवलं की सगळ्यांचं वय एका क्षणात वाढलेलं. मागे सरकवलं तर वय उणे. हे कोणालाही होऊ शकतं. १ जानेवारी २०१७ च्या लीप सेकंदाला (घड्याळात घातलेल्या जादा सेकंदाला) क्लाउडफ्लेअरच्या डीएनएसच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेळांची वजाबाकी उणे आली आणि काही डीएनएस विनंत्या फसल्या, त्यांनी स्वतःच ते लिहिलंय, आणि त्याच वर्षी गो भाषेच्या १.९ आवृत्तीत वेळेच्या किमतीबरोबर मोनोटॉनिक, म्हणजे कधीच मागे न जाणाऱ्या घड्याळाचं वाचनही आपोआप ठेवायला सुरुवात झाली. पायथनमध्ये मोनोटॉनिक घड्याळ ३.३ पासून आहे, म्हणजे २०१२ पासून, तेव्हा वापरायला काही अडचण नव्हतीच. वयासाठी मोनोटॉनिक, माणसाला दाखवायला तारीख-वेळ, दोन्ही साठवा. एका मशीनचं मोनोटॉनिक घड्याळ दुसऱ्या मशीनच्या घड्याळाशी लावून बघू नका, त्याला काही अर्थ नसतो, आमचा डॅशबोर्ड मॉनिटरच्याच मशीनवर चालतो म्हणून चालतं. आणि सर्व्हिस स्वतः हार्टबीट (मी जिवंत आहे असा निरोप) पाठवत असेल तर तिने लिहिलेली वेळ वयासाठी घेऊ नका, तो तुमच्यापर्यंत कधी पोचला ते लिहा.

आता किती वेळा चुकलं की बंद म्हणायचं, हा प्रश्न. विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या हॅप्रॉक्सीचे डिफॉल्ट मला नेहमीच समजूतदार वाटत आलेत: दर २ सेकंदांनी चेक, सलग ३ अपयशं आली की खाली, सलग २ यशं आली की वर. पडायला आणि उठायला वेगवेगळे आकडे, त्यामुळे काठावरची सर्व्हिस दर फेरीला रंग बदलत नाही. आम्हीही ३ आणि २ घेतले, पहिल्या अपयशाला संशयित, तिसऱ्याला बंद, आणि माणसाला उठवायचं ते फक्त बंदवर.

मग मी कागदावर हिशेब मांडला, आणि खरं सांगते, हा हिशेब आधी कोणी मांडलाच नव्हता. सर्व्हिस चेकला उत्तर देऊन लगेच पुढच्या क्षणी लटकली असं धरा, उत्तर दिलं तो क्षण शून्य. पुढचे चेक १५, ३० आणि ४५ व्या सेकंदाला सुरू होणार, तिसरा चेक ५ सेकंद थांबून हार मानणार, म्हणजे ५० व्या सेकंदाला बंद. सगळ्यात वाईट म्हणजे ५० सेकंद. आणि आमच्या कागदपत्रांत लिहिलेलं होतं की बिघाड ३० सेकंदांत कळतो! ३० कुठून आले ते कोणालाच सांगता आलं नाही. आम्ही आकडे तसेच ठेवले आणि कागदावर ५० लिहिलं, कारण खालच्या टीमने त्यांचे रिट्राय त्या ३० वर बेतले होते. त्यांना ते बदलावे लागले, चिडले थोडे, साहजिक आहे.

५ सेकंदांचा आकडा तरी कुठून आला? दोन आठवड्यांच्या चेकचा वेळ काढून बघितला, बहुतेक उत्तरं १०० मिलिसेकंदांच्या आत, शंभरातलं एखादं दीड सेकंदाच्या आसपास. म्हणजे ५ ठीक आहे. वेगवेगळ्या सर्व्हिसच्या मागच्या वागण्यावरून संशयाची पातळी काढायची पद्धत आहे, फाय अॅक्रुअल म्हणतात, जपानमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये मांडली, कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये ती आहे आणि तिथे उंबरठा मुळात ८ असतो. मला मोह झाला होता, पण आमच्याकडे १५ सेकंदांना एक नमुना येतो, तिथे दर सेकंदाला गप्पा मारणाऱ्या नोड्ससाठीचं गणित आणायची गरज नाही असं ठरवलं.

त्याहून जास्त फायदा झाला तो टाइमआउट एकात एक बसवण्याचा. आमच्या अर्ध्या सर्व्हिसेसच्या हेल्थ एंडपॉइंटमध्ये (मॉनिटर विचारतो त्या पत्त्यावर) डेटाबेसला एक क्वेरी जायची आणि तिचा टाइमआउट १० सेकंद होता. बाहेरचा मॉनिटर ५ सेकंदांत निघून जाणार, म्हणजे "डेटाबेस उत्तर देत नाही" हे सांगायची संधी त्या एंडपॉइंटला मिळणारच नाही, आम्हाला दिसणार फक्त "उत्तर नाही". आतला २, एंडपॉइंटचा एकूण ४, मॉनिटरचा ५ असं केलं आणि त्या दिवसापासून कारणाच्या रकान्यात कारणं दिसायला लागली.

कुबरनेटीसवर (कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) असाल तर एक सांगून ठेवते. तिथल्या प्रोबचा (म्हणजे चेकचा) डिफॉल्ट टाइमआउट १ सेकंद आहे, दर १० सेकंदांनी, ३ अपयशं. ज्या लाइव्हनेस प्रोबमध्ये (जो फेल झाला की रिस्टार्ट होतो) डेटाबेस तपासला जातो, तिथे डेटाबेस अर्धा मिनिट मंदावला की सगळे पॉड (सर्व्हिसच्या चालू प्रती) एकदम रिस्टार्ट होतात आणि उठताना त्याच डेटाबेसवर एकदम कनेक्शन मागतात, हे कृपा करून करू नका, डेटाबेसचं रेडीनेसमध्ये (जो फेल झाला की पॉडकडे फक्त काम पाठवणं थांबतं) ठेवा, आणि तिथेही सगळे पॉड एकदम बाहेर गेले तर चालेल का याचा विचार करून ठेवा. आणखी एक, १.२० आधी कमांड चालवणाऱ्या प्रोबला दिलेला टाइमआउट पाळलाच जात नव्हता, त्यामुळे जुन्या क्लस्टरवर वर्षानुवर्षं "चालणारे" प्रोब अपग्रेडनंतर अचानक फेल झाले तर दोष अपग्रेडचा नाही, ते आधीपासूनच वेळेबाहेर जात होते.

हे सगळं बरोबर चाललंय हे तपासायचं कसं? युनिट टेस्टसाठी घड्याळ बाहेरून द्यायला लागलो, म्हणजे टेस्टमध्ये कुठेही झोप नाही, घड्याळ हाताने ४६ सेकंद पुढे केलं की राखाडी झालं पाहिजे, ४१-४२ चा तो किस्सा तर ओळीने टेस्टमध्ये उतरवलाय. पण खरी मजबुती खऱ्या मशीनवर बिघाड करून बघण्यात आली. फायरवॉलमध्ये कनेक्शन नाकारायचा नियम लावला की मॉनिटरला लगेच कळतं, ती सोपी परीक्षा आहे. पाकिटं गुपचूप टाकून द्यायचा नियम लावा. काहीच उत्तर येत नाही, आणि तुमची डेडलाइन नसेल तर लिनक्स मुळातल्या ६ रिट्रायच्या सेटिंगवर नुसतं कनेक्शन जोडायला २ मिनिटांहून थोडं जास्त थांबतं.

आणि मग प्रोसेसला स्टॉप सिग्नल. मारायची नाही, गोठवायची. पहिल्याच दिवशी ज्या सर्व्हिसला गोठवलं ती डॅशबोर्डवर हिरवी राहिली. मी ठिपक्याखालचं वय बघत बसले होते, ३ सेकंद, ९ सेकंद, १४, पुन्हा ०, ताजं, नियमित, हिरवं. या सर्व्हिसला एचटीटीपी नव्हतं म्हणून तिचा चेक नुसता पोर्ट उघडा आहे का एवढाच होता, आणि टीसीपीची सुरुवातीची देवाणघेवाण कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) करतो, प्रोसेसला विचारतसुद्धा नाही, प्रोसेस गोठलेली असली तरी तिच्या रांगेत जागा आहे तोवर कनेक्शन जुळतंच. म्हणजे आम्ही इतके दिवस कर्नलला विचारत होतो की सर्व्हिस कशी आहे. आता तिला एक छोटा निरोप पाठवून उत्तर वाचतो, आणि अशा नुसत्या पोर्ट बघणाऱ्या आणखी पाच सापडल्या, त्याही बदलल्या.

शेवटी मॉनिटरलाच गोठवलं. मी आणि टीममेट दोघी स्क्रीनकडे बघत होतो. ४५ सेकंदांच्या आसपास एकेक करून ३८ ठिपके राखाडी झाले. बाहेरच्या एका वेगळ्या जागी मॉनिटर दर मिनिटाला "मी आहे" असा निरोप पाठवतो, तो थांबला की तिथून अलर्ट येतो, तोही तिसऱ्या मिनिटाला आला. सर्व्हिस बंद असल्याचा एकही अलर्ट आला नाही.

त्यानंतर डॅशबोर्ड सपोर्टच्या टीमलाही दिला, प्रत्येक ठिपक्याखाली वयासकट. मागच्या महिन्यात त्याच मित्राचा पुन्हा रात्री फोन आला. "अगं, तीन राखाडी झालेत, शेवटचं उत्तर दोन मिनिटांपूर्वीचं, तिघींखाली एकच कारण लिहिलंय, नाव सापडलं नाही." मी लॅपटॉप उघडेपर्यंत त्याने नेमसर्व्हर बघणाऱ्या टीमला फोन लावलेला होता.